डबा झाला, ढिंगरीही आली, पण ही अशी का? (घरात अळिंबी लावायची पेटी)

सोनटक्का (नेरूळ)
१२ जुलै, रात्री १०:४०

ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) आली एकदाची. पण सासूबाई डब्यात डोकावून म्हणाल्या, "अगं, ही अळंबी आहे की शेवग्याच्या शेंगांना टोप्या घातल्यात?" आणि दुर्दैवाने वर्णन अचूक आहे. दांडे वीतभर, वर टोपी एक रुपयाच्या नाण्याएवढी. फोटो टाकत नाही, लाज वाटते.

आता सविस्तर. लांबलंय, पण कुठे चुकलं ते कळायला सगळं सांगायला हवं.

पेंढा सासूबाईंच्या माहेराहून, मुरबाडहून आणला. मागच्या हंगामाचाच, सोनेरी, वास चांगला. कात्रीने दोन-दोन इंचाचे तुकडे केले (दोन दिवस अंगठा दुखत होता, पुढच्या वेळी कोयता). रात्रभर भिजवला, सकाळी उपसून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला, मग ओट्यावर चाळणीत निथळत. मुठीत दाबला की एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये, इथपर्यंत थांबले. स्पॉन (अळिंबीचं बियाणं) पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पातून भावाने आणून दिलं. किलोभर कोरडा पेंढा भिजून तीन किलो झाला, त्याला १०० ग्रॅम स्पॉन, थर देऊन पिशवीत भरलं, पिशवीला भोकं पाडली. लॉफ्टखालच्या कोपऱ्यात १८ दिवस टांगली. पिशवी पांढरीशुभ्र झाली, दहीभातासारखी. इथपर्यंत मी स्वतःवर खूश.

आता डबा. व्हिडिओंमध्ये सगळे जो पारदर्शक डबा करतात तोच: चारी बाजूंना, झाकणाला आणि तळालासुद्धा दर दोन इंचांवर ६ मिलिमीटरची भोकं, आत चार बोटं ओलं परलाइट (कुंडीत घालतात ते हलके पांढरे दाणे), त्यावर बेड (म्हणजे ती पांढरी झालेली पिशवी), वर झाकण. ठाण्याला जांभळी नाक्यावरून ५० लिटरचा क्लिपवाला डबा आणला. ड्रिल लावला तर तिसऱ्याच भोकाला कडेपर्यंत तडा. दुकानदाराला नंतर विचारलं तर म्हणतो, "ताई, तो कडक प्लास्टिकचा, तो फुटणारच. मऊ, दुधट रंगाचा घ्यायचा." दुसरा डबा घेतला आणि भोकं नवऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नने पाडली. एकशेचाळीस भोकं. खिडकीत बसून पाडली तरी धुराने डोकं उठलं. प्रत्येक भोकाला प्लास्टिकची वर आलेली कड ब्लेडने कापावी लागते, नाहीतर हात सोलतो. परलाइट नर्सरीतून, दोन पिशव्या, किंमत घरात सांगितलेली नाही. हे पांढरे दाणे कोरडे असताना ओतू नका, धूळ नाकात जाते. आधी पिशवीतच पाणी शिंपडा.

डबा चार वाट्यांवर उचलून ठेवला, म्हणजे तळाच्या भोकांतून हवा जाईल. दिवसातून तीनदा फवारा. आत दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक, ते कायम ९९ दाखवतं. पाऊस आणि डासांमुळे खोलीची खिडकी बंद. चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या आल्या, मी घरभर नाचले. आणि मग त्या कळ्या नुसत्या उंच होत गेल्या.

एकूण १८० ग्रॅम. चवीला ठीक, दांडे चिवट. आर्द्रता ९९ आहे, भोकं मोजून पाडलीत, स्पॉन चांगलं. मग काय राहिलं?

---

मधला_डबा (ठाणे)
१२ जुलै, रात्री ११:०५

एकशेचाळीस भोकं! ताई, तुम्ही डबा नाही, झारा बनवलात. त्यात आता बुंदी पाडा.

जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसतो. वाचनखूण साठवली आहे.

---

बुरशीबाबा (पनवेलजवळ)
१३ जुलै, सकाळी ६:५०

सोनटक्का ताई, पेंढा, स्पॉन, बेड सगळं बरोबर आहे. तुमची ढिंगरी गुदमरतेय.

बुरशी झाड नव्हे, ती आपल्यासारखी श्वास घेते. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. पांढरी वाढ होत असताना तिला कोंडलेली हवा चालते, उलट आवडते. पण टोपी उघडायच्या वेळी ताजी हवा लागते. ही जात मुळात लाकडावर उगवणारी. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असला म्हणजे तिच्या हिशेबाने ती अजून ढोलीच्या आतच आहे. मग मान लांब करत बाहेर पडायला बघते. टोपी कशाला उघडेल? कार्बन डायऑक्साइड साधारण १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांच्या) खाली ठेवला तर ढिंगरी शिंपल्यासारखी पसरते. तिला शिंपला अळिंबी म्हणतात ते त्यामुळेच.

आता तुमचा डबा. तो वाईट नाही, चुकीच्या गावात आलाय. तो थंड देशातल्या हीटर लावलेल्या कोरड्या खोलीसाठी काढलेला आहे. बाहेरची कोरडी हवा भोकांतून आत येते, ओल्या परलाइटवरून जाताना पाणी उचलते, आणि त्या बाष्प होण्यातूनच आत हवा हलती राहते. म्हणजे परलाइट सुकत असेल तरच डबा चालतो. जुलैत नेरूळमध्ये तुमचे दोरीवरचे कपडे किती दिवसांत वाळतात? तीन? मग परलाइट कसं सुकेल? काहीच हलत नाही, आणि तुम्ही वर झाकण लावून खिडकीही बंद केलीत.

आजच झाकण काढून टाका. एवढंच करा आणि दुसऱ्या बहराची वाट बघा, आठ-दहा दिवसांत येईल.

---

तात्या_नौपाडा
१३ जुलै, सकाळी ९:१५

बाबांशी असहमत. ढिंगरीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते हे कुठल्याही पुस्तकात आहे. झाकण काढलं की पाणी उडणार, कळ्या सुकणार. मी १९९४ साली वर्तकनगरच्या घरी न्हाणीत ढिंगरी लावली होती, दार बंद करून. छान आली होती. आमच्या वेळी मापक नव्हतं, हाताच्या पाठीला हवा लागते तसं कळायचं.

---

बुरशीबाबा
१३ जुलै, सकाळी ९:४०

तात्या, तुमच्या न्हाणीला वर जाळीचा झरोका होता का?

---

तात्या_नौपाडा
१३ जुलै, सकाळी १०:०२

होता. त्यातून मांजर यायचं.

---

मधला_डबा
१३ जुलै, सकाळी १०:०४

मांजर आत येतं म्हणजे हवाही येत असणार. केस क्लोज.

---

खाडीचा_बगळा (ऐरोली)
१३ जुलै, दुपारी १:३०

कुणीच त्या २०० रुपयांच्या मापकाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ९९ वर अडकलेलं मापक काहीच सांगत नाही. ते ताडायची घरगुती रीत अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा, सात-आठ तास हात लावू नका. मिठाच्या ओल्या रबड्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, घरच्या तापमानाला त्यात फार फरक पडत नाही. तुमचं मापक ७५ च्या ऐवजी जे दाखवेल तेवढी त्याची चूक.

माझ्याकडे एक होतं, ते मिठातही ८८ दाखवायचं. मी त्याच्यावर कागद चिकटवलाय: "वजा १३".

---

सोनटक्का
१४ जुलै, सकाळी ७:२०

बगळेदादा, रात्री केलं. मिठात ९१! म्हणजे १६ जास्त. यंत्रावर विसंबून मी दिवसातून तीनदा फवारत होते, की ९९ आहे आणि तरी काहीतरी कमी आहे. झाकण काढलंय. खिडकी चार बोटं उघडली, बाहेरून जाळी लावली. तात्या, रागावू नका, कळ्या सुकल्या तर तुम्हाला पहिला फोन.

---

कोलंबी_भात (बेलापूर)
१४ जुलै, रात्री ९:१०

माझाही एक प्रयोग. दिवाळे गावच्या मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी आणली, माशांवर बर्फ घालून येते ती. चाळीस रुपये. म्हटलं भिंती जाड, आतली हवा गार राहील, हीच ढिंगरीची पेटी. ब्लीचने धुतली, उन्हात ठेवली, लिंबू चोळलं, सोड्याने घासली. वास गेला नाही. आमच्याकडे वासाचा प्रश्न नव्हता म्हणा, पण बेड ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी पेटीभर चिलटं. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये जे काही मुरलेलं असतं ते जात नाही. शिवाय आत अंधार, झाकणाला भोकं पाडली तर थर्माकोलचा भुसा बेडवर. फेकून देणार होते.

मग लक्षात आलं की ही पेटी ढिंगरीसाठी नाही, पेंढ्यासाठी चांगली आहे! पेंढा तासभर गरम ठेवायला तुम्ही गॅसवर भांडं ठेवून थर्मामीटर धरून बसता ना? मी भिजवलेला पेंढा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवते, वरून ८० च्या आसपासचं पाणी ओतते, झाकण लावून वर पाटा ठेवते. तासाभराने उघडलं तरी ६५ च्या वर असतं. गॅस वाचतो. पाणी अगदी उकळतं ओतू नका, थर्माकोल मऊ पडतो. आणि माशांच्या पेटीऐवजी औषधांच्या दुकानात इंजेक्शनं येतात ती पेटी मागा, तिला वास नसतो.

---

बुरशीबाबा
१४ जुलै, रात्री ९:५५

कोलंबीताई, हे मस्त आहे. मी दोनशे लिटरचा पिंप वापरतो, पण घरी एक-दोन बेडसाठी तुमची रीत सोपी.

ज्यांना गरम पाणीही नको त्यांच्यासाठी चुन्याचं पाणी: विझवलेला चुना लिटरला दोन ग्रॅम, पेंढा १६ ते २४ तास बुडवून ठेवायचा, मग निथळायचा. पाणी इतकं अल्कधर्मी होतं की बाकीच्या बुरश्या मागे हटतात, ढिंगरी ते सोसते. फक्त विझवलेलाच चुना. कळीचा चुना पाण्यात टाकलात तर तो उकळतो, अंगावर उडतो. हातमोजे घाला, डोळ्यांना जपा. फॉर्मॅलीन आणि बुरशीनाशकाची व्यापारी रीत आहे, पण ती स्वयंपाकघरात कुणी करू नये, मी सांगणारही नाही.

---

पहिलाच_पाऊस
१५ जुलै, सकाळी ११:१०

नवीन आहे, बावळट प्रश्न असेल तर क्षमस्व. बेडवर ढिंगरीऐवजी विषारी काही उगवलं तर? आमच्या सोसायटीच्या बागेत कुत्र्याच्या छत्र्या येतात, त्या बघून भीती वाटते.

---

बुरशीबाबा
१५ जुलै, सकाळी ११:३५

प्रश्न अजिबात बावळट नाही. स्पॉन ढिंगरीचं असेल तर त्यातून ढिंगरीच येते, पण पेंढ्यात दुसऱ्या बुरश्यांचे बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) राहून गेले असतील तर तेही उगवू शकतात. सगळ्यात जास्त दिसते ती बारीक दांड्याची, राखाडी टोपीची छत्री, जी दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी होऊन गळते. पेंढा फार ओला राहिला की येते. ती काढून टाका, खाऊ नका. हिरवा डाग म्हणजे ट्रायकोडर्मा नावाची बुरशी, छोटा असेल तर मीठ लावून थोपवता येतो, तळहाताएवढा असेल तर अख्खा बेड घराबाहेर. साधा नियम: तुम्ही लावलंय तसं दिसत नसेल तर ताटात नको.

बागेतल्या छत्र्यांचं तर नावही नको. आणि पावसात घोडबंदर रोडला, येऊरला बायका पानात बांधून वारुळावरची अळंबी विकतात, ती वेगळीच. ती वाळवीच्या वारुळातच वाढते, वाळवी तिला पोसते, म्हणून ती डब्यात लावता येत नाही. ती वर्षातून एकदा, ओळखणाऱ्या हाताकडूनच.

---

निशिगंध (कोपरखैरणे)
१६ जुलै, रात्री १०:१५

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही, आणि मला ती लिहायलाच हवी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने ढिंगरी लावली. जागा नाही म्हणून त्यांच्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, सहा बेड. पीक जोरात. बाबांना ती मोठी, पंख्यासारखी उलटी झालेली आवडायची, म्हणून ते काढायला उशीर करायचे. टीव्हीवर, उशीच्या अभ्र्यावर पांढरी पूड दिसायची, आम्हाला वाटलं भिंतीचा चुना. तिसऱ्या महिन्यात त्यांना कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, जिना चढताना धाप. दोन डॉक्टर झाले, औषधं झाली, फरक नाही. गावी लग्नाला गेले, आठ दिवसांत बरे! घरी आले, पुन्हा सुरू. तेव्हा तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कबुतरं, पोपट, बुरशी असं काही?" बाबा अभिमानाने म्हणाले, "बुरशी आहे ना, सहा बेड!"

ते बीजाणू होते. ढिंगरी प्रचंड बीजाणू सोडते, आणि फुप्फुसाला त्याची ॲलर्जी होऊ शकते. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांमध्ये हा आजार ठाऊक असलेला आहे. बेड गेले, बाबा हळूहळू सावरले. घरात हा विषय आता काढायचा नाही असं ठरलंय.

कुणाला घाबरवायचं नाही. पण झोपायच्या खोलीत नको, एवढं ऐका.

---

तात्या_नौपाडा
१६ जुलै, रात्री १०:५०

निशिगंध, बाबांना नमस्कार सांग. हे मला ठाऊक नव्हतं. माझी न्हाणी, म्हणून वाचलो म्हणायचं.

---

बुरशीबाबा
१७ जुलै, सकाळी ६:३०

पूर्ण अनुमोदन. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. मी स्वतः काढणीला मास्क लावतो.

काढायची वेळ: टोपीची कड अजून खाली, आत वळलेली असताना. कड सपाट झाली की उशीर, वर उलटली की बीजाणू सुटलेच. खात्री करायची असेल तर बेडखाली काळा कागद ठेवा, पांढरी पूड दिसली म्हणजे चुकलात. लवकर काढलेली चवीलाही कोवळी असते, वजन चार-दोन ग्रॅम कमी भरेल. दमा असलेल्यांनी घरात हा उद्योग करूच नये.

---

सोनटक्का
२४ जुलै, दुपारी ४:०५

निशिगंध, तुझं वाचून बेड त्याच रात्री लॉफ्टखालून काढून कोरड्या बाल्कनीत नेला. तो कोपरा मुलीच्या खोलीच्या दाराशीच होता.

आणि दुसरा बहर आला! झाकण नाही, दिवसातून एकदाच बारीक फवारा, तोही भिंतींवर आणि परलाइटवर. टोप्या तळहाताएवढ्या, दांडे बोटभर. २६० ग्रॅम. एका घोसावर मोठे थेंब पडले होते, तिथे पिवळट तपकिरी डाग आले, बाकी सुंदर. तात्या, तुम्हाला फोन करायची वेळ आली नाही.

पण आता प्रश्न हा की झाकण काढलेला, एकशेचाळीस भोकांचा, महागड्या परलाइटचा डबा म्हणजे शेवटी काय? टोपली. मग एवढा खटाटोप कशाला केला?

---

मधला_डबा
२४ जुलै, दुपारी ४:२०

सांगत होतो, झारा.

---

सोनटक्का
१९ ऑगस्ट, रात्री ११:३०

मंडळी, पेटी सापडली. बनवली नाही, सापडली.

सासूबाईंना मी सगळं समजावत होते: हवा खेळती हवी, चिलटं आत नकोत, मुंग्या नकोत, थोडा उजेड हवा, वस्तू टांगता यायला हव्यात. त्या शेंगा मोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे दुधाचं कपाट."

ज्यांचं लहानपण फ्रिजनंतरचं त्यांच्यासाठी: लाकडी चौकट, तीन बाजूंना पत्र्याची जाळी, आत फळ्या, दूध-दही-लोणी मांजरापासून राखायचं. नौपाड्याचं जुनं घर पुनर्विकासात गेलं तेव्हा ते कपाट आमच्याकडे आलं आणि गेली नऊ वर्षं गच्चीच्या खोलीत गणपतीच्या मखराचं सामान पोटात घेऊन उभं होतं. नवऱ्याला सणाच्या तोंडावर मखराची नवी सोय बघावी लागली, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

चार फूट उंच, दोन रुंद. केलं ते एवढंच:

मधल्या दोन फळ्या काढल्या, वर पडद्याचा जुना दांडा आडवा बसवला, त्याला चार बेड टांगले. एकमेकांत वीतभर अंतर. लाकूड ओलाव्याने स्वतःच बुरसटेल म्हणून आतून टेबलावर घालायचं जाड प्लास्टिक टाचण्यांनी लावलं (ऑइलपेंटचा विचार होता, पण ऑगस्टमध्ये तो वाळला असता दिवाळीला). पत्र्याच्या जाळीची भोकं मोठी, चिलट सहज शिरतं. मच्छरदाणीच्या कापडातूनही ही बारीक माशी जाते, करून पाहिलं. शेवटी सासूबाईंची व्हॉइलची जुनी साडी बाहेरून गुंडाळली, दाराच्या फटीला वेल्क्रो. हवा जाते, माशी जात नाही. साडी बीजाणू अडवत नाही हे ठाऊक आहे, म्हणून काळा कागद खाली आहेच आणि कपाट बाल्कनीतच राहणार.

आणि कपाटाचे पाय. चारी पायांखाली सासूबाईंनी न विचारता पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्यांसाठी. मी हाच उपाय महिनाभर यूट्यूबवर शोधत होते.

परलाइट नाही, पंखा नाही. कपाटाच्या तळाशी पसरट परातीत पाणी, ते बहुधा शोभेचंच. पहिल्या बेडचे तीन बहर मिळून ५९० ग्रॅम झाले, किलोभर पेंढ्याला वाईट नाही ना?

---

बुरशीबाबा
२० ऑगस्ट, सकाळी ७:००

वाईट? पहिला बहर १८० वर गेलेला असूनही ५९०, म्हणजे उत्तम. किलोभर कोरड्या पेंढ्याला अर्धा किलो ते किलो ताजी ढिंगरी, हा आमचाही हिशेब.

सासूबाईंना साष्टांग. हे कपाट मी स्वतःसाठी शोधायला लागलोय.

---

खाडीचा_बगळा
२० ऑगस्ट, सकाळी ९:२५

जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, मोबाइलचा चार्जर आणि टायमर लावला तर...

---

सोनटक्का
२० ऑगस्ट, सकाळी ९:३१

दादा, नको. मिठाबद्दल जन्मभर ऋणी आहे, पण नको.

---

पेटी_बारा_डझन (तुर्भे)
२ सप्टेंबर, रात्री ८:४५

उशिरा आलो. माझं काम वाशी मार्केटच्या फळबाजारात, उन्हाळाभर आंब्याच्या पेट्यांतून निघालेला पेंढा फुकट मिळतो. जूनमध्ये पाच पोती घरी आणली, म्हटलं पेंढा फुकट, ढिंगरी फुकट. पाचही बेड आठ दिवसांत हिरवेगार, गणपतीच्या दूर्वांसारखे. गरम पाणी नीट केलं होतं. काय चुकलं?

---

बुरशीबाबा
२ सप्टेंबर, रात्री ९:३०

तो पेंढा आधीच वापरलेला. आंब्याचा रस, सडक्या फळांचं पाणी लागलेलं, पेटीत ऊब, म्हणजे त्यात बुरश्यांनी महिनाभर जत्रा भरवलेली. साखर लागलेल्या पेंढ्यावर तासभराच्या गरम पाण्याने निभावत नाही, ढिंगरीच्या आधी हिरवी पळते. पेंढा त्याच वर्षीचा, पाऊस न लागलेला, सोनेरी हवा. काळपट, कुबट वासाचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. तुमची पाच पोती कुंड्यांत आच्छादन म्हणून घाला.

---

सोनटक्का
९ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

धागा वर काढतेय. ऑगस्ट ते नोव्हेंबर कपाटाने राज्य केलं. आता कळ्या येतात आणि चामड्यासारख्या वाळून जातात. मापक दुपारी ५० दाखवतं, त्यातून १६ वजा करा. तात्या आता म्हणतील, सांगितलं होतं!

---

तात्या_नौपाडा
९ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

मी काही म्हणत नाहीये. फक्त इथेच बसलोय.

---

बुरशीबाबा
९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

आता तात्यांचा मोसम. फेब्रुवारीत तुमचा भोकांचा डबासुद्धा चालेल, कारण आता परलाइट सुकेल. पण कपाटच ठेवायचं तर गोणपाट. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं तीन बाजूंना गोणपाट सोडा, खालची टोकं परातीतल्या पाण्यात बुडू द्या, पाणी आपोआप थोडंफार वर चढत राहतं. पुढची बाजू मोकळी ठेवा. गोणपाट तीन-चार दिवसांनी उकळून वाळवा, नाहीतर त्यालाच बुरशी येते. आळीपाळीने वापरायला दोन संच ठेवा.

---

सोनटक्का
२१ फेब्रुवारी, सकाळी ८:००

दुपारी आता मिठाच्या हिशेबाने ७८ ते ८२. कळ्या टिकल्या. ओल्या गोणपाटाने आत गारवाही दोन-तीन अंश जास्त आहे. वास मात्र किराणा दुकानाच्या मागच्या खोलीसारखा येतो, शेजारच्या काकूंनी विचारलं, "धान्य भरलंत का गं?"

बाबा, मे महिन्याचं काय? तेव्हा तर ३५ अंश.

---

बुरशीबाबा
२१ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

तुमची ढिंगरी फ्लोरिडा जातीची असेल तर एप्रिलमध्येच बंद करा, तिला गारवा लागतो. सजोर-काजू ही ढिंगरीची दुसरी जात जरा जास्त सोसते, गुलाबी ढिंगरी त्याहून थोडी जास्त, पण ती काढली की त्याच दिवशी खावी लागते, टिकत नाही. मेमध्ये मनापासून येणारी एकच, दुधी अळिंबी. ३० ते ३५ अंशांत खूश. तिची रीत थोडी वेगळी, पांढरी वाढ झाल्यावर वरून निर्जंतुक मातीचा दोन बोटांचा थर द्यावा लागतो. कपाटाची खालची फळी परत बसवा, दुधीचे बेड टांगत नाहीत, ठेवतात.

---

सोनटक्का
२१ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

फळी आजच बसवायला काढली होती. सासूबाईंनी बघितलं आणि विचारलं, "कपाट मोकळं होतंय का? बरं झालं, एप्रिलमध्ये कैरी येईल, लोणच्याच्या बरण्यांना हवेशीर जागा हवीच होती." साडी सोडून धुवायलाही टाकली त्यांनी.

दुधीसाठी कुणाकडे जुनं कपाट आहे का? ठाणे ते पनवेल कुठेही, टेम्पोचा खर्च माझा.